डोळ्यांची काळजी आणि दृष्टीचे रक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्यांविषयी जे प्रश्न येतात, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते: डोळा दुखत नाही, लाल होत नाही, म्हणजे तो ठीक आहे. प्रत्यक्षात दृष्टी कायमची हिरावून घेणारे दोन मोठे आजार, म्हणजे काचबिंदू (दृष्टीची नस हळूहळू सुकण्याचा आजार) आणि मधुमेहामुळे दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, होणारी हानी, वर्षानुवर्षे न दुखता वाढतात. एका डोळ्यातली उणीव दुसरा डोळा भरून काढत असतो, त्यामुळे ती घरच्यांच्याच नव्हे तर स्वतः रुग्णाच्याही लक्षात येत नाही. खालील उत्तरे ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एका उत्तरातला मजकूर दुसऱ्या उत्तरात पुन्हा न देता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला लांबचं, जवळचं सगळं नीट दिसतं. तरीही डोळे तपासून घ्यायला हवेत का?

होय. वयाच्या चाळिशीत एकदा संपूर्ण तपासणी करून घ्यावी, त्यानंतर साधारण दर दोन वर्षांनी आणि साठीनंतर दरवर्षी. ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचा उणे नंबर मोठा आहे किंवा ज्यांना कोणत्याही कारणाने दीर्घकाळ स्टिरॉइड घ्यावे लागते, त्यांनी चाळिशीची वाट पाहू नये आणि वर्षाला एक तपासणी चुकवू नये.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी मी सर्वांना सांगतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून ठरावीक अंतरावर उभे राहावे, चष्मा असेल तर तो लावावा, आणि हाताच्या तळव्याने आधी एक डोळा, मग दुसरा डोळा झाकून तेच आकडे वाचावेत. झाकलेल्या डोळ्यावर दाब देऊ नये. दोन डोळ्यांच्या दिसण्यात फरक जाणवला, सरळ रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधोमध डाग दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. अनेकांना आपला एक डोळा अधू झाल्याचे दुसऱ्या डोळ्यात कचरा गेला त्या दिवशी कळते. महिन्यातून एकदा ही चाचणी केली तर ती वेळ येत नाही.

२. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेतला. म्हणजे डोळ्यांची तपासणी झालीच ना?

नाही. नंबर काढणे हा तपासणीचा फक्त एक भाग आहे. तक्त्यावरची ६/६ ची ओळ वाचता आली, म्हणजे निरोगी माणसाला ६ मीटर अंतरावरून जे अक्षर ओळखू येते ते तुम्हालाही त्याच अंतरावरून ओळखता आले, एवढाच त्याचा अर्थ. नेदरलँड्सच्या स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या तक्त्यावर ही पद्धत उभी आहे आणि ती फक्त मधल्या दृष्टीची तीक्ष्णता मोजते. बाजूची दृष्टी बरीच गेलेली असतानाही ६/६ वाचता येते, आणि काचबिंदूत नेमके हेच घडते.

संपूर्ण तपासणीत प्रत्येक डोळ्याची वेगवेगळी दृष्टी, डोळ्याच्या आतला दाब, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याचा पुढचा भाग, आणि थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर दिसणारे दृष्टिपटल व दृष्टीची मुख्य नस या सर्व गोष्टी पाहिल्या जातात. थेंबांमुळे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड खुपतो. म्हणून सोबत कोणाला तरी घेऊन जावे आणि परतताना स्वतः गाडी चालवू नये. थेंब घालायला वेळ लागतो म्हणून ते टाळण्याकडे पुष्कळांचा कल असतो. माझ्या मते तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

३. चाळिशी लागली आहे. चष्मा लावला तर नंबर वाढत जाईल का?

चाळिशी हा आजार नाही. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर कडक होते आणि जवळच्या वस्तूसाठी त्याला पूर्वीसारखा आकार बदलता येत नाही. चष्मा लावा अथवा लावू नका, हा नंबर साधारण साठीपर्यंत हळूहळू वाढतोच. चष्मा टाळल्याने डोळे ‘मजबूत’ राहत नाहीत, फक्त कपाळ दुखते. बाजारात मिळणारा तयार चष्मा वाचनापुरता वापरण्यात धोका नाही, मात्र दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल किंवा तिरपा नंबर असेल तर तो जुळत नाही. तयार चष्म्यावर काम भागले म्हणून प्रश्न १ मध्ये सांगितलेली तपासणी राहून जाते, हा त्यातला खरा तोटा आहे.

४. मोबाइल आणि संगणकामुळे डोळे कायमचे खराब होतात का? निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का?

पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या फार कमी वेळा मिटतो. त्यामुळे अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात, जड होतात, काही वेळा उलट त्यांतून पाणी वाहते. हा त्रास खरा आहे. पण मोठ्या माणसांच्या बाबतीत त्याने दृष्टिपटलाचे नुकसान होते असे म्हणण्यास आधार नाही. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवावा, पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी हा थकवा कमी होतो असे चाचण्यांत दिसलेले नाही. तो जादा खर्च टाळला तरी चालेल. मुलांचा प्रश्न निराळा आहे, त्यासाठी पुढचे उत्तर पाहावे.

५. मुलाचा नंबर दरवर्षी वाढतो आहे. तो थांबवता येतो का?

पूर्णपणे थांबवता येईलच असे नाही, पण वाढीचा वेग कमी करता येतो आणि ते करण्यासारखे आहे. उणे नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा लांब होत जाणे. नंबर उणे ६ च्या पलीकडे गेला की ताणलेले दृष्टिपटल विरळ होण्याचा, फाटण्याचा आणि पुढच्या आयुष्यात काचबिंदू होण्याचा धोका वाढतो. म्हणून ‘चष्मा आहे, दिसते आहे, मग काय बिघडले’ हा विचार पुरेसा नाही.

ज्यावर सर्वांचे एकमत आहे असा उपाय म्हणजे दिवसाउजेडी घराबाहेर घालवलेला वेळ. रोज सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात राहणाऱ्या मुलांत उणे नंबर सुरू होण्याचे प्रमाण कमी आढळते. शाळा, शिकवणी आणि गृहपाठ यांत दिवसाचा सगळा उजेड संपत असेल तर तो वेळ मुद्दाम काढावा लागतो. मैदानावर खेळलेच पाहिजे असे नाही. अंगणात, गच्चीवर किंवा रस्त्याने चालत घालवलेला वेळही धरला जातो. वाचताना पुस्तक कोपरापर्यंतच्या हाताच्या अंतरावर असावे, आणि झोपून मोबाइल पाहण्याची सवय मोडावी. नंबर झपाट्याने वाढत असेल तर डॉक्टर रात्री घालायचे अॅट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास बनावटीच्या काचा सुचवतात. ते दुकानातून परस्पर आणू नयेत. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्याने वाढ थांबते ही जुनी कल्पना चुकीची ठरली आहे.

६. मूल अजून बोलत नाही, अक्षरं ओळखत नाही. त्याचे डोळे कसे तपासणार?

बाळाने काही सांगण्याची गरज नसते. डोळ्यात प्रकाशाचा झोत टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून नंबर मोजता येतो, आणि थेंब घालून आतला भागही पाहता येतो. शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाची अशी एक तपासणी व्हावी. तीन प्रसंगी मात्र तेवढाही वेळ नसतो.

पहिला प्रसंग अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा जन्मतः २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी, आणि फारच लहान बाळांची त्याहूनही लवकर. या बाळांच्या दृष्टिपटलावर विकृत रक्तवाहिन्या वाढून ते सुटू शकते. वेळेवर लेसर किंवा इंजेक्शन दिले तर दृष्टी वाचते, उशीर झाला तर नंतर फारसे काही करता येत नाही. बाळ घरी आणण्याच्या गडबडीत ही तारीख निसटते. म्हणून ती बाळाच्या कागदपत्रांवर ठळक लिहून घ्यावी.

दुसरा प्रसंग बाहुलीत पांढरी चमक दिसण्याचा. फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लालसर आणि दुसऱ्याची पांढरी दिसत असेल, तर मोतीबिंदूपासून दृष्टिपटलाच्या कर्करोगापर्यंत काहीही असू शकते. दोन-तीन दिवसांच्या आत तज्ज्ञांना दाखवावे.

तिसरा प्रसंग तिरळेपणाचा. काही घरांत तो भाग्याचे लक्षण मानतात, काही ठिकाणी ‘मोठेपणी आपोआप जाईल’ म्हणून सोडून देतात. तिरळ्या डोळ्याकडून येणारे चित्र मेंदू नाकारू लागतो आणि तो डोळा ‘आळशी’ होतो. चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून आळशी डोळ्याला कामाला लावता येते, पण हा उपाय वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर तिरळेपणा नसतानाही डोळा आळशी होतो. आणि ते बाहेरून कोणालाच दिसत नाही.

७. मोतीबिंदू ‘पिकल्यावर’च ऑपरेशन करायचं असतं ना? आणि हिवाळ्यापर्यंत थांबावं का?

दोन्ही समजुती जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातल्या आहेत. पूर्वी मोठा छेद घेऊन अख्खे भिंग काढत, टाके घालत आणि रुग्णाला कित्येक दिवस निजवून ठेवत. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून लहान छेदातून ओढून घेण्याची पद्धत आणली. आज याच पद्धतीला आपण ‘फेको’ म्हणतो. जखम दोन-तीन मिलिमीटरची असते, तेव्हा ऋतूचा प्रश्न उरत नाही.

मग ऑपरेशन कधी करावे? धूसरपणा रोजच्या कामाच्या आड येऊ लागला की करावे. शिंप्याला आणि रात्री गाडी चालवणाऱ्याला ते लवकर लागेल, दुसऱ्या एखाद्याला दोन वर्षांनी चालेल. मात्र फार थांबू नये. अति पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, ऑपरेशन अवघड होते आणि कधी तो फुगून डोळ्यातला दाब एकाएकी वाढवतो. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब अस्तित्वात नाहीत, मग जाहिरात कोणतीही असो.

एक फसवा प्रकार येथे सांगायला हवा. साठीच्या आसपास काहींना अचानक चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येऊ लागते आणि घरात आनंद होतो. ही बहुधा भिंगाचा गाभा घट्ट होत असल्याची, म्हणजे मोतीबिंदू सुरू झाल्याची खूण असते. लांबचे त्याच वेळी अंधुक होत जाते.

८. ऑपरेशनला तीन वर्षं झाली आणि पुन्हा धुरकट दिसतं. मोतीबिंदू परत आला का?

काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. कृत्रिम भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिचा मागचा पडदा काही जणांत गढूळ होतो. लेसरने त्यात छोटीशी खिडकी पाडतात. काही मिनिटांचे काम असते, टाका नसतो. मात्र धुरकटपणाचे कारण हेच आहे हे तपासल्याशिवाय ठरवू नये, कारण त्या वयात दृष्टिपटलाचे आजारही असू शकतात.

९. डोळ्याचा दाब नॉर्मल आला. म्हणजे मला काचबिंदू नाही ना?

असे ठामपणे म्हणता येत नाही. साधारण १० ते २१ (मिलिमीटर पारा) हा दाब नेहमीचा धरला जातो, पण दाब या मर्यादेत असूनही काही जणांच्या दृष्टीची नस सुकत जाते. दाब दिवसभरात कमीजास्त होतो, आणि ज्यांच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे बुबुळ, पातळ असतो त्यांचा दाब यंत्रावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणून निदान नस पाहून आणि बाजूच्या दृष्टीचा आलेख काढून होते. या दाबाचा रक्तदाबाशी गोंधळ करू नये. रक्तदाब आटोक्यात आहे म्हणून डोळ्याचा दाबही आटोक्यात आहे असे होत नाही.

काचबिंदूत गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. मोतीबिंदूत ती येते, आणि दोन्ही नावे एकसारखी वाटत असल्यामुळे हा फरक घरोघरी विसरला जातो. ‘काचबिंदू आहे, पुढेमागे ऑपरेशन करू’ असे म्हणून थांबलेली माणसे येतात तेव्हा वाचवायला फार थोडे उरलेले असते. घरात एकाला काचबिंदू निघाला, तर त्याच्या सर्व सख्ख्या भावंडांनी आणि चाळिशीला आलेल्या मुलांनी तपासून घ्यावे.

१०. काचबिंदूचे थेंब घालून दिसण्यात काहीच फरक पडत नाही. बंद करू का?

बंद करू नये. हे थेंब दृष्टी सुधारण्यासाठी नसून उरलेली दृष्टी टिकवण्यासाठी असतात. ‘फरक पडत नाही’ याचाच अर्थ ते काम करत आहेत असा असू शकतो. खर्च परवडत नसेल किंवा डोळे लाल होत असतील तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. पर्यायी औषधे, लेसर आणि शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत.

थेंब घालण्याची पद्धतही पाहून घ्यावी. मान मागे करून खालची पापणी बोटाने ओढावी, त्या खोलगट जागेत एकच थेंब टाकावा, डोळा अलगद मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे हलका दाब ठेवावा. त्यामुळे औषध नाकातून घशात उतरत नाही. दमा असलेल्यांनी आणि हृदयाचे ठोके मंद असलेल्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण काही थेंब त्यांना घातक ठरू शकतात. दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

११. कोणत्या तक्रारीसाठी सकाळपर्यंतही थांबू नये?

एका डोळ्याची दृष्टी अचानक, न दुखता गेली तर तो डोळ्याचा पक्षाघात, म्हणजे दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटणे, असू शकतो, आणि अशा वेळी तासांचा हिशेब असतो. ती काही मिनिटांनी आपोआप परत आली तरीही त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण पुढचा झटका मेंदूला बसू शकतो. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके एकाएकी पुष्कळ वाढणे किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल फाटल्याची किंवा सुटत असल्याची लक्षणे आहेत. एखाददुसरा जुना ठिपका तरंगत असणे निरुपद्रवी असते, नव्याने झालेली गर्दी नाही.

डोळा प्रचंड दुखणे, लाल होणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे आणि त्यासोबत उलट्या होणे हा काचबिंदूचा तीव्र झटका असतो. उलट्यांमुळे अशा रुग्णाला पोटाच्या किंवा अर्धशिशीच्या औषधांवर ठेवले जाते आणि रात्रीत डोळा जातो. डोळ्यात रसायन जाण्याविषयी प्रश्न १४ आणि टोकदार वस्तू लागण्याविषयी प्रश्न १३ पाहावा.

१२. मला मधुमेह आहे, पण साखर आटोक्यात आहे आणि नीट दिसतं. दरवर्षी डोळे कशासाठी दाखवायचे?

कारण दृष्टिपटलावरची हानी उपचारास सर्वांत योग्य असते तेव्हा रुग्णाला स्वच्छ दिसत असते. दिसणे कमी झाले म्हणजे सूज मध्यभागी पोचली किंवा रक्तस्राव झाला. चाळिशी-पन्नाशीत निघणारा मधुमेह निदानापूर्वी कित्येक वर्षे नकळत असू शकतो, म्हणून पहिली तपासणी निदान झाल्याबरोबर करावी. लहानपणापासून इन्शुलिनवर असणाऱ्यांनी ती सुरुवातीच्या पाच वर्षांच्या आत करावी. पुढे दरवर्षी, दोष आढळल्यास डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. साखरेइतकेच महत्त्व रक्तदाबाला आहे.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी हवी, कारण गरोदरपणात ही हानी वेगाने वाढू शकते. दुसरा अपवाद चष्म्याचा. साखर वरखाली होत असताना भिंग फुगते आणि नंबर बदलत राहतो. औषध सुरू केल्यावर काही आठवडे साखर स्थिर राहिली की मगच नवा चष्मा करावा.

१३. ऊस तोडताना पात डोळ्याला लागली. नुसता लाल आहे. मेडिकलमधून थेंब आणून घातले तर चालेल का?

हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडून जितका येतो तितकाच ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबांकडून येतो, आणि भाताचे कुसळ किंवा झाडाची फांदी लागलेल्यांनाही तो तसाच लागू आहे. पात, कुसळ, काडी यांबरोबर बुरशी डोळ्यात जाते. खरचटलेल्या जागी ती रुजली की काही दिवसांत पांढरा ठिपका दिसू लागतो. उपचार न झाल्यास फूल पडते किंवा बुबुळाला छिद्र होते.

अशा वेळी दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. त्याने लाली आणि दुखणे दोन-तीन दिवस खरोखर कमी होते, आणि त्याच वेळी आतली बुरशी फोफावते. बरे वाटते म्हणून माणूस पुन्हा मुकादमाकडे कामावर जातो आणि आठवड्याने परत येतो तेव्हा निम्मे बुबुळ गेलेले असते. माझी कळकळीची विनंती आहे की लाल डोळ्यासाठी स्टिरॉइडचा थेंब तपासणीशिवाय कोणीही घालू नये, शेजाऱ्याची उरलेली बाटली तर मुळीच नाही. हेच थेंब ॲलर्जीसाठी महिनोन्‌महिने घातल्याने मुलांनाही काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो.

पात लागली तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये, जिभेने किंवा पदराच्या टोकाने कचरा काढायला कोणाला सांगू नये, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांना दाखवावे. टोकदार वस्तू डोळ्यात घुसलेली असेल तर ती ओढू नये आणि धुऊही नये. वरून कागदी पेला उलटा धरून, डोळ्यावर दाब न देता थेट रुग्णालय गाठावे. तोडणीच्या वेळी बाजूंनी बंद असलेला साधा पारदर्शक चष्मा वापरला तर यांतल्या बहुतेक इजा टळतात.

१४. मुलाच्या डोळ्यात तंबाखूसोबतचा चुना गेला. आधी डॉक्टर की आधी पाणी?

आधी पाणी, त्याच क्षणी आणि भरपूर. चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना ती फुटून मुलाच्या डोळ्यात उडते, असे आपल्याकडे वारंवार घडते. चुना अल्कली असल्यामुळे आत आत शिरत जातो. पापण्या बोटांनी उघड्या धरून नळाच्या किंवा तांब्याच्या धारेने किमान अर्धा तास डोळा धुवावा, वरची पापणी उचलून तिच्याखाली अडकलेले कण ओल्या स्वच्छ कापडाने किंवा कापसाच्या काडीने काढावेत, आणि जातानाही वाटेत पाणी घालत राहावे. लिंबू किंवा व्हिनेगर घालून ‘उतारा करण्याचा’ प्रयत्न करू नये. बॅटरीचे आम्ल, फरशीचे ॲसिड आणि फटाक्याची दारू यांनाही हाच नियम. दवाखान्यात पोचण्यापूर्वीच्या पहिल्या काही मिनिटांत किती पाणी घातले, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

१५. डोळे आले आहेत. अँटिबायोटिक लगेच सुरू करू का?

पावसाळ्यात येणारी साथ बहुधा विषाणूची असते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने तिचा मोठा अनुभव घेतला. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही आणि डोळे एक-दोन आठवड्यांत बरे होतात. हात धुणे, टॉवेल आणि उशी वेगळी ठेवणे आणि डोळे न चोळणे एवढे पुरते. रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहिल्याने साथ पसरत नाही, ती हातांनी पसरते.

पुढील बाबतींत मात्र तपासून घ्यावे: उजेड सहन होत नाही, दिसणे कमी झाले आहे, एकाच डोळ्यात तीव्र वेदना आहे, किंवा रुग्ण तान्हे बाळ आहे. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला तर लेन्स लगेच काढून त्याच दिवशी दाखवावे. लेन्स नळाच्या पाण्याने धुणे, घालून झोपणे किंवा पोहणे यांतून बुबुळाला चिवट संसर्ग होतो.

१६. काजळ, मध, गुलाबपाणी, डोळ्यांचे व्यायाम यांनी नंबर जातो का? आणि गाजर?

यांपैकी कशानेही नंबर जात नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नये. बोटाने संसर्ग होतो आणि काही काजळांत शिसे आढळले आहे. मध आणि गुलाबपाणी निर्जंतुक नसते.

गाजराचे श्रेय ‘अ’ जीवनसत्त्वाला आहे. त्याच्या अभावाने रातांधळेपणा येतो आणि कुपोषित मुलांचे बुबुळ विरघळूही शकते. शेवग्याचा पाला, पालक, पपई, आंबा, दूध आणि अंडी यांतून ते मिळते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सरकारी कार्यक्रमात नऊ मात्रा मोफत पाजल्या जातात, त्या चुकवू नयेत. ज्याच्या आहारात हे जीवनसत्त्व पुरेसे आहे, त्याने जास्त गाजरे खाऊन दृष्टी वाढत नाही.

१७. लेसरने नंबर घालवला. आता तपासणी थांबवली तर चालेल?

चालणार नाही, आणि येथे भल्याभल्यांची फसगत होते. लेसरने बुबुळाचा आकार बदलतो, लांब झालेला डोळ्याचा गोळा तसाच राहतो. उणे ८ चा माणूस चष्म्याशिवाय ६/६ वाचत असला तरी त्याचे दृष्टिपटल उणे ८ चेच असते. प्रश्न ५ आणि ११ मधले धोके त्याला लागू राहतात. शिवाय बुबुळ पातळ झाल्याने डोळ्याचा दाब यंत्रावर कमी दिसतो. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढण्याचे नेहमीचे गणितही चुकू शकते. म्हणून लेसरपूर्वीचे सर्व कागद आयुष्यभर जपावेत आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना लेसर झाल्याचे स्वतःहून सांगावे.

१८. दुसऱ्या आजाराच्या गोळ्यांचा डोळ्यांवर परिणाम होतो का?

काहींचा होतो. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉलने क्वचित दृष्टीची नस बाधित होते. लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला किंवा दोन्ही डोळ्यांना धूसर दिसू लागले तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. ते औषध बदलतील, बाकीचा कोर्स स्वतःच्या मनाने सोडू नये. संधिवातावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी सुरुवातीच्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी दृष्टिपटल तपासावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीपासूनच. दम्याचा, त्वचारोगाचा किंवा संधिवाताचा स्टिरॉइड दीर्घकाळ चालू असेल तर दाब मोजावा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनपूर्वी ते आवर्जून सांगावे. त्याने बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो आणि डॉक्टरांना वेगळी तयारी करावी लागते. गोळी आधी काही दिवस बंद केली तरी हा परिणाम जात नाही.

१९. मला एकाच डोळ्याने दिसतं. चांगल्या डोळ्यासाठी वेगळं काय करावं?

नंबर शून्य असला तरी दिवसभर न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा वापरावा. शेतात, कारखान्यात, क्रिकेट खेळताना, दिवाळीत फटाक्यांजवळ तो काढू नये. तपासणी दरवर्षी करावी आणि चांगल्या डोळ्याची कोणतीही तक्रार प्रश्न ११ मधल्या तक्रारींइतकीच तातडीची धरावी. डोळा नुकताच गेला असेल तर खोलीचा अंदाज चुकतो. पाणी ओतताना, जिना उतरताना आणि रस्ता ओलांडताना काही महिने सावध राहावे, मेंदू हळूहळू जुळवून घेतो.

पहिला डोळा भेदक जखमेने गेला असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असावी. क्वचित प्रसंगी, जखम झाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, अगदी वर्षांनंतरसुद्धा, शरीराची प्रतिकारशक्ती चांगल्या डोळ्यावरच उलटते. उजेड खुपणे, जवळचे धूसर होणे आणि किंचित लाली ही तिची सुरुवात असते. अशा वेळी ‘जुना डोळा गेला तेव्हा टोकदार इजा झाली होती’ हे वाक्य डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. वेळेवर उपचार सुरू झाले तर त्या डोळ्याची दृष्टी बहुतेक वेळा वाचवता येते.